गेमिंग पीसीसाठी रॅम कशी पारखावी : पहिल्यांदाच संगणक जुळवणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

रॅमच्या खोक्यावर साधारण अशी एक ओळ छापलेली असते : ३२ जीबी, २×१६, डीडीआर५-६०००, सीएल ३०-३८-३८-९६, १.३५ व्होल्ट. पहिल्यांदाच गेमिंग पीसी जुळवणाऱ्याची नजर या ओळीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे ६००० वर, जाऊन थांबते आणि दुकानातले बोलणेही बहुधा तेवढ्यावरच होते. खरेदीचा निर्णय घेताना मात्र या आकड्याचा क्रम चौथा लागतो. त्याआधी रॅमची जात, क्षमता आणि स्टिकची, म्हणजे बोर्डात बसणाऱ्या रॅमच्या तुकड्यांची, संख्या या तीन गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि सगळे ठरवून झाल्यावरही तो आकडा प्रत्यक्षात आपल्या मशीनवर चालतो आहे की नाही, हे स्वतः तपासावे लागते. हे शेवटचे काम बहुतेक जण करतच नाहीत, म्हणून या लेखात त्याला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

सुरुवातीला एक गल्लत दूर करू. ग्राफिक्स कार्डवर जी मेमरी असते ती वेगळी आणि मदरबोर्डावर बसते ती रॅम वेगळी. खेळातली दृश्ये, पृष्ठभागांची चित्रे आणि सावल्या कार्डवरच्या मेमरीत राहतात. खेळाचे जग, पात्रांच्या हालचाली, ध्वनी आणि पडद्याआड चालणारा हिशेब यांसाठी प्रोसेसर रॅम वापरतो. कार्डवरची मेमरी अपुरी पडली तर तिथली सामग्री रॅमकडे सरकवली जाते हे खरे, पण तो रस्ता इतका संथ आहे की खेळ अडखळू लागतो. अशा वेळी रॅम दुप्पट करून काहीही साधत नाही. चित्रांचा दर्जा एक पायरी खाली आणणे हाच त्यावरचा उपाय असतो.

पायरी पहिली : जात मदरबोर्डानुसार ठरते

आज नव्या संगणकासाठी विचारात घेण्याजोग्या जाती दोनच आहेत, डीडीआर४ आणि डीडीआर५. दोन्हींच्या स्टिकला २८८ पिना असतात, पण खालच्या कडेची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एका जातीची स्टिक दुसऱ्या जातीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. जोर लावून बसवण्याचा प्रयत्न केल्यास स्लॉट तुटतो.

एएमडीच्या एएम४ सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवर, फक्त डीडीआर४ चालते, तर २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर आलेल्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांना दोन्ही जाती चालतात; मात्र एका मदरबोर्डावर सहसा एकाच जातीचे स्लॉट असतात, त्यामुळे बोर्डाच्या नावात ‘डी४’ आहे का हे पाहिल्याशिवाय रॅम घेऊ नये. नावात तसे काही नसेल तर बोर्डाचे तपशील उघडून वाचावेत. २०२४ मध्ये आलेली इंटेलची कोअर अल्ट्रा २०० मालिका पुन्हा केवळ डीडीआर५ घेते.

नवे मशीन जुळवताना डीडीआर५ निवडावी, कारण पुढे प्रोसेसर बदलण्याची वाट तिच्याकडे उघडी राहते. मात्र घरी एएम४चा चांगला बोर्ड आणि डीडीआर४ आधीपासून असेल तर केवळ जात जुनी झाली म्हणून ती टाकून देणे मला पटत नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी हा त्याच सॉकेटवरचा प्रोसेसर ९६ एमबी एल३ कॅशच्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीच्या, बळावर आजही खेळांत उत्तम चालतो.

याच पायरीवर आणखी एक दक्षता घ्यावी. लॅपटॉपची रॅम, म्हणजे एसओ-डिम, लांबीला निम्मी असते आणि डेस्कटॉपच्या सर्वसाधारण बोर्डावर बसत नाही, हे नजरेलाच कळते. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम मात्र बाहेरून अगदी डेस्कटॉपच्या रॅमसारखी दिसते, जुन्या बाजारात स्वस्तात मिळते आणि घरच्या बोर्डावर चालत नाही. लेबलवर ‘आरडिम’ किंवा ‘रजिस्टर्ड’ असा शब्द दिसला तर ती स्टिक परत ठेवावी. आपल्याला ‘यूडिम’, म्हणजे अनबफर्ड स्टिक हवी असते.

पायरी दुसरी : किती जीबी

क्षमतेच्या बाबतीत नियम सोपा आहे : कमी पडली तर मोठे नुकसान होते, पुरेशी झाल्यानंतरची वाढ काहीच देत नाही. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग एसएसडीवरच्या पेज फाइलमध्ये लिहून ठेवते, आणि खेळाला तो भाग परत हवा झाला की क्षणभर दृश्य गोठते. उत्तम एसएसडीसुद्धा प्रतिसादाला रॅमच्या शेकडो पट, बहुधा त्याहून अधिक वेळ घेते, म्हणून हा धक्का जाणवल्यावाचून राहत नाही. याउलट ज्या खेळाला १२ जीबी पुरतात त्याला ६४ जीबी दिल्याने एकही फ्रेम वाढत नाही.

काउंटर-स्ट्राइक २ ची किमान गरज ८ जीबी सांगितलेली आहे. सायबरपंक २०७७ ने ती १२ जीबीवर नेली. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ किमान १६, शिफारस म्हणून ३२ आणि आदर्श म्हणून ६४ जीबी मागतो. निर्मात्यांच्या या आकड्यांत आपल्या सवयी धरलेल्या नसतात, हे ध्यानात ठेवावे. खेळ चालू असताना ब्राउझरचे वीस टॅब उघडे असतील, डिस्कॉर्डवर मित्रांशी बोलणे चालले असेल आणि खेळाचे थेट प्रक्षेपणही सुरू असेल, तर त्या सगळ्याचा भार खेळाच्या गरजेवर चढतो.

म्हणून नव्या मशीनसाठी ३२ जीबी हे माझे उत्तर आहे. निव्वळ स्पर्धात्मक ऑनलाइन खेळ खेळणाऱ्याचे १६ जीबीवर भागते. व्हिडिओ संपादन, थ्री-डी काम, किंवा ढिगाने मॉड घातलेले शहर-उभारणीचे खेळ असतील तरच ६४ जीबीकडे वळावे. २०२३ पासून २४ आणि ४८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकही मिळू लागल्या आहेत; ३२ थोडे आणि ६४ फार वाटत असतील तर दोन २४ जीबीची जोडी, म्हणजे एकूण ४८ जीबी, हा मधला पर्याय आहे.

आपली गरज अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजावी. सध्याच्या संगणकावर नेहमीचा खेळ आणि नेहमीचे कार्यक्रम चालू करून अर्धा तास खेळावे आणि मग टास्क मॅनेजरमधल्या कार्यक्षमतेच्या पानावर मेमरीचा आलेख पाहावा. वापर सतत ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर पुढचा टप्पा गाठणे योग्य. एवढे मात्र लक्षात असावे की विंडोज मोकळी रॅम स्वतःहून कामाला लावते, त्यामुळे ३२ जीबीच्या मशीनवर १८ जीबी वापरात दिसले म्हणजे १६ जीबीवर तो खेळ चालणार नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

पायरी तिसरी : दोन स्टिकची जोडी

घरगुती प्रोसेसरात मेमरीसाठी दोन वाहिन्या असतात. एकच स्टिक लावली तर एक वाहिनी रिकामी राहते आणि विदा (डेटा) वाहून नेण्याची क्षमता निम्म्यावर येते. प्रत्येक वाहिनी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट रुंद असते. त्यामुळे डीडीआर५-६००० ची एक वाहिनी सेकंदाला ४८ जीबी वाहून नेते आणि दोन मिळून ९६ जीबी. डीडीआर४-३२०० साठी हेच आकडे २५.६ आणि ५१.२ असे येतात. लेबलवर कधीकधी ‘पीसी४-२५६००’ किंवा ‘पीसी५-४८०००’ असे लिहिलेले असते, तो हाच हिशेब एमबीत मांडलेला असतो. ती रॅमची कुठली वेगळी जात नव्हे.

ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणार असाल, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जीवर, तर जोडीला पर्याय नाही. तिथे चित्र रंगवण्याचे कामही याच रॅममधून होते आणि एका स्टिकवर खेळाचा वेग उघड उघड कोसळतो.

जोडी एकाच खोक्यातली, किट म्हणून विकली जाणारी घ्यावी. एकाच नावाच्या दोन सुट्या स्टिक वेगवेगळ्या महिन्यांत घेतल्या तर आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, कारण उत्पादक नाव तेच ठेवून चिप बदलतात. किटमधल्या स्टिक छापील वेगावर एकत्र तपासलेल्या असतात.

चार स्टिकचा मोह डीडीआर५ मध्ये टाळावा. चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रकावर ताण येतो आणि वेग खाली आणावा लागतो. रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिकना अधिकृत मर्यादा डीडीआर५-५२०० आहे, ती चार स्टिकना ३६०० वर येते. म्हणून ‘आता दोन घेऊ, पुढे आणखी दोन टाकू’ हा डीडीआर४च्या काळातला सल्ला आता तसाच घेता येत नाही. पुढे ६४ जीबी लागणार हे आजच ठाऊक असेल तर दोन ३२ जीबीच्याच घ्याव्यात.

इथे एक अडचणीचा प्रश्न उरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि ३२ जीबीची जोडी अनेकांच्या हाताबाहेर गेली. मग दोन ८ जीबीच्या स्टिक घ्याव्यात की एकच १६ जीबीची? डीडीआर४ असेल तर बेधडक दोन ८ जीबी. डीडीआर५ मध्ये मात्र ८ जीबीच्या स्टिकवर सहसा रुंद जातीच्या चारच चिप असतात आणि त्यांच्यातील बँकांचे, म्हणजे मेमरीच्या स्वतंत्र विभागांचे, गट १६ जीबीच्या स्टिकवरील चिपांच्या तुलनेत निम्मे असतात, त्यामुळे एकामागोमाग येणाऱ्या मागण्या वाटून घेण्याची सोय कमी होते. शिवाय पुढे वाढवायचे झाले की दोन्ही काढून ठेवाव्या लागतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल आणि काही महिन्यांत तशीच दुसरी स्टिक घेण्याची खात्री असेल तर मी एक १६ जीबीची घेईन, वर सांगितलेली चिप बदलण्याची जोखीम पत्करून. ती खात्री नसेल तर दोन ८ जीबी.

पायरी चौथी : वेग आणि सीएल एकत्र वाचावेत

डीडीआर५-६००० मधला ६००० हा सेकंदाला होणाऱ्या देवाणघेवाणींचा आकडा आहे, दशलक्षांत मोजलेला. बोलताना त्याला मेगाहर्ट्झ म्हणण्याची सवय पडली आहे, पण घड्याळाचा खरा ठोका ३००० मेगाहर्ट्झचाच असतो. प्रत्येक ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर विदा पाठवली जाते आणि ‘डबल डेटा रेट’ हे नाव त्यावरूनच आले आहे. सीपीयू-झेड या, संगणकातल्या भागांची माहिती दाखवणाऱ्या कार्यक्रमात ३००० दिसले म्हणून दुकानदाराने फसवले असे समजू नये.

सीएल म्हणजे मागणी केल्यापासून विदा मिळू लागेपर्यंत जाणारे ठोके. मेमरीतील विदा ओळी आणि रकान्यांत मांडलेली असते. हवी ती ओळ आधीच उघडी असेल तर रकाना सांगितल्यावर सीएलइतके ठोके थांबावे लागते. ओळ उघडायची असेल तर त्यात दुसरा आकडा मिळवावा लागतो, आणि दुसरीच ओळ उघडी राहिली असेल तर ती बंद करण्यासाठीचा तिसरा आकडाही. चौथा आकडा म्हणजे एकदा उघडलेली ओळ किमान किती ठोके उघडी ठेवावी लागते ते. खोक्यावरच्या ३०-३८-३८-९६ चा अर्थ हा असा आहे.

ठोके लहान-मोठे असू शकतात, म्हणून नुसता सीएल पाहून तुलना करता येत नाही. खरा विलंब काढण्याचे सूत्र साधे आहे : सीएलला २००० ने गुणावे आणि रॅमच्या वेगाने भागावे, उत्तर नॅनोसेकंदांत येते. डीडीआर४-३२०० सीएल१६ चे उत्तर १० येते. डीडीआर४-३६०० सीएल१८ चेही १०. डीडीआर५-६००० सीएल३० चेही पुन्हा १०. सीएल १६ वरून ३० झाला म्हणून डीडीआर५ संथ झाली, हा समज या तीन भागाकारांत संपतो : विलंब तेवढाच राहिला आणि वहनक्षमता जवळजवळ दुप्पट झाली.

हेच सूत्र उलट बाजूनेही वापरावे. डीडीआर५-६००० सीएल४० चे उत्तर १३.३ येते आणि सीएल३६ चे १२. डीडीआर५-५६०० सीएल४६ ही साधी, हीटसिंक (उष्णता ओढणारी धातूची पट्टी) नसलेली स्टिक १६.४ वर जाते. सीएल३० धरून या चारही किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग जवळपास सारखा असला तरी विलंबात दीडपटीहून अधिक फरक पडू शकतो. दुकानात उभे असताना मोबाइलच्या गणकयंत्रावर हा भागाकार करून पाहण्यात मुळीच संकोच बाळगू नये.

एवढा विलंब खेळात कुठे दिसतो? १४४ फ्रेमच्या वेगाने खेळताना एका फ्रेमला जेमतेम ७ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात प्रोसेसरला मेमरीकडे असंख्य फेऱ्या माराव्या लागतात. फेरी लांबली की सरासरी फ्रेम थोड्या घटतात, आणि त्याहून अधिक घटतो तो सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा वेग, जो डोळ्यांना अडखळण्याच्या रूपात कळतो. म्हणून परीक्षणे वाचताना केवळ सरासरीचा तक्ता न पाहता एक टक्का नीचांकाचाही पाहावा. त्याचबरोबर ती चाचणी कोणत्या ग्राफिक्स कार्डवर आणि कोणत्या रेझोल्यूशनवर घेतली हेही बघावे. परीक्षक अतिशय महाग कार्ड लावून १०८० पी वर चाचणी घेतात, कारण तसे केल्यावरच रॅममधला फरक उघडा पडतो. आपण मध्यम किमतीच्या कार्डवर १४४० पी मध्ये खेळणार असू तर अडथळा कार्डचाच असतो आणि तक्त्यातला फरक आपल्या घरी बहुतेक नाहीसा होतो. मोठ्या कॅशच्या एक्स३डी प्रोसेसरांनाही मेमरीकडे कमी वेळा जावे लागते, म्हणून त्यांना वेगवान रॅमचा फायदा कमी मिळतो.

पायरी पाचवी : प्रोसेसरला काय पेलते

एएम५ साठी दोन स्टिकची डीडीआर५-६००० सीएल३० ही निवड बहुतेक सगळ्यांना योग्य आहे. रायझन ७००० आल्यावर ६००० हाच सुवर्णमध्य असल्याचे एएमडीने स्वतः सांगितले होते, आणि त्यामागे कारण आहे : या वेगापर्यंत मेमरी नियंत्रक रॅमच्याच ठोक्याशी बरोबरीने चालतो. त्याच्या बऱ्याच पुढे गेले की नियंत्रक निम्म्या ठोक्यावर उतरतो, विलंब वाढतो आणि जास्त पैसे देऊन घेतलेली ७२०० ची रॅम ६००० च्या मागे पडू शकते. सीएल३० आणि सीएल३६ यांच्या भावात मोठी तफावत असेल तर सीएल३६ घ्यावी आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवावेत.

एएम४ वर हाच समतोल डीडीआर४-३६०० ला साधतो, आणि ३२०० सीएल१६ सुद्धा अगदी चांगली.

इंटेलच्या बाबतीत बोर्डाचा चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप, पाहणे अधिक महत्त्वाचे. बी६६० किंवा बी७६० बोर्डावर रॅम तिच्या छापील वेगाने चालवण्याची मुभा असते. एच६१० वर ती नसते. कोअर आय५-१२४०० ची अधिकृत मर्यादा डीडीआर५-४८०० आणि डीडीआर४-३२०० आहे, म्हणजे एच६१० बोर्डावर ६००० ची किट लावली तरी ती ४८०० वरच चालणार. अशा बोर्डासाठी महाग रॅम घेण्यात काहीच अर्थ नाही.

एवढे ठरले की बोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाची तपासलेल्या मेमरीची यादी, म्हणजे क्यूव्हीएल, उघडावी आणि निवडलेल्या किटचा पूर्ण मॉडेल क्रमांक तिच्यात शोधावा. यादीत नसलेली किट चालणार नाही असे नाही, पण नवख्याने यादीतलीच घेतलेली बरी.

पायरी सहावी : उंची आणि दिवे

स्टिकवरची धातूची पट्टी आणि दिवे यांनी वेग वाढत नाही. मोठा हवेचा कूलर लावणार असाल तर मात्र उंचीला महत्त्व येते, कारण कूलरचा पंखा बहुधा रॅमच्या स्लॉटवर येतो. कूलरच्या तपशिलात रॅमसाठी किती मिलिमीटर जागा सोडली आहे ते दिलेले असते. ते आणि स्टिकची उंची ताडून पाहावी. दिवे असलेल्या स्टिक उंच असतात. शंका असेल तिथे बुटकी, साधी स्टिक घ्यावी.

पायरी सातवी : खरेदी

मेमरीच्या चिप मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, कोर्सेअर, जी.स्किल, किंग्स्टन, एक्सपीजी, टीमग्रुप ही नावे त्या चिप घेऊन स्टिक तयार करणाऱ्यांची आहेत. मायक्रॉनने स्वतःच्या क्रुशल या नावाने ग्राहकांना माल विकणे थांबवण्याचा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, त्यामुळे ते नाव दुकानांतून हळूहळू कमी होत जाईल.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत फिरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, बिल पक्के, जीएसटी क्रमांकासह आणि स्टिकचे अनुक्रमांक नोंदवलेले असावे. रॅमची वॉरंटी बहुधा दीर्घ, अनेक कंपन्यांची तर त्या मॉडेलच्या आयुष्यभराची असते, आणि तिच्यासाठी पुढे हाच कागद मागितला जातो. दुकानदाराने ‘हीच कंपनी, हाच वेग’ म्हणून दुसरी किट पुढे केली तर मॉडेल क्रमांक अक्षरनअक्षर जुळवून पाहावा. एका अक्षराच्या फरकाने सीएल३० ची सीएल४० होऊ शकते.

जुनी रॅम घेण्यात गैर काही नाही, कारण नीट वापरलेली रॅम वर्षानुवर्षे टिकते. मात्र विकणाऱ्याच्या मशीनवर ती चालू असताना पाहावी, सीपीयू-झेडमधला मॉडेल क्रमांक लेबलशी ताडावा आणि सोनेरी पिनांवर जळल्याचे डाग किंवा ओरखडे नाहीत याची खात्री करावी. परत करण्यासाठी चार दिवसांची मुदत मागून घ्यावी. पुढे सांगितलेल्या चाचणीसाठी ती लागते.

पायरी आठवी : बसवणे, वेग चालू करणे आणि पारखणे

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावाव्यात. बोर्डावर त्यांची नावे बहुधा ए२ आणि बी२ अशी छापलेली असतात. वीज पूर्ण बंद करावी, धातूच्या केसला हात लावून अंगावरचा स्थिर भार उतरवावा, खाच जुळवावी आणि स्टिकच्या दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्यावा. कडी लागल्याचा आवाज येतो. नवख्यांच्या हातून इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे भीतीपोटी कमी दाब देणे आणि एक टोक अर्धवट वर राहणे.

पहिल्यांदा वीज सुरू केल्यावर पडदा काळाच राहील. घाबरून बंद करू नये. डीडीआर५ प्रत्येक नव्या जोडणीनंतर आपले संकेत जुळवून घेते, याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि एएम५ वर त्याला काही मिनिटे लागतात. बोर्डावरचा ‘डीरॅम’ नावाचा छोटा दिवा त्या वेळी पेटलेला असतो. पंधरा मिनिटांनंतरही काही दिसले नाही तरच बंद करावे, स्टिक काढून पुन्हा बसवाव्यात आणि ते न साधल्यास ए२ स्लॉटमध्ये एकेक स्टिक लावून पाहावी.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारे काम. रॅम आपणहून छापील वेगाने चालत नाही. बोर्ड तिला सुरुवातीला प्रमाणित, सुरक्षित वेगावर ठेवतो. डीडीआर५ साठी तो सहसा ४८०० किंवा ५६०० असतो आणि व्होल्टेज १.१. खोक्यावरचे ६००० आणि १.३५ व्होल्ट हे स्टिकमध्ये साठवलेल्या एका वेगळ्या नोंदीत असतात आणि ती नोंद बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या कार्यक्रमात, जाऊन चालू करावी लागते. इंटेलच्या पद्धतीत तिचे नाव एक्सएमपी, एएमडीच्या पद्धतीत एक्स्पो. ओळखीतल्या एका विद्यार्थ्याचा संगणक मी पाहिला, तेव्हा त्याने साठवलेल्या पैशांतून घेतलेली ६००० ची किट दीड वर्ष ४८०० वर चाललेली होती. जुळवून देणाऱ्याने ती नोंद चालू केली नव्हती आणि मुलाला तसे काही असते हेच ठाऊक नव्हते. दोन मिनिटांचे ते काम, पण त्याच्या दीड वर्षाचे मला फार वाईट वाटले.

बायोसमध्ये जाण्यापूर्वी बायोसची नवी आवृत्ती बसवून घ्यावी. एएम५ च्या बाबतीत हे आवर्जून करावे : २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या, मेमरी नियंत्रक असलेल्या भागाच्या व्होल्टेजवर) १.३ ची मर्यादा घालणाऱ्या आवृत्त्या आल्या, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत मेमरीची स्थिरताही सुधारत गेली. मग एक्सएमपी किंवा एक्स्पोचा पहिला प्रोफाइल निवडावा, जतन करावा आणि पुन्हा एकदा ट्रेनिंग होईपर्यंत थांबावे. नवख्याने व्होल्टेज किंवा टायमिंगचे (सीएल आणि त्यापुढचे) आकडे हाताने बदलू नयेत.

विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे पान उघडून तीन गोष्टी पाहाव्यात. वेग ६००० दिसतो का. एकूण क्षमता पूर्ण दिसते का. आणि वापरलेले स्लॉट ‘चारपैकी दोन’ आहेत का. दोन वाहिन्या चालू आहेत की नाही हे सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर कळते. डीडीआर५ च्या प्रत्येक स्टिकमध्ये ३२ बिटांच्या दोन उपवाहिन्या असल्यामुळे तिथे ‘४×३२ बिट’ असे दिसू शकते. ते बरोबरच आहे.

वेग दिसला म्हणजे रॅम पारखली गेली असे नाही. सदोष रॅम संगणक सुरू होऊ देते, खेळही चालवते आणि मग तीन दिवसांनी निळा पडदा दाखवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे गुपचूप फाइली बिघडवते. डीडीआर५ चिपच्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय असते, पण ती फक्त चिपमधल्या पेशींपुरती असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. म्हणून मेमटेस्ट८६+ हा मोफत, मुक्त स्रोताचा कार्यक्रम पेनड्राइव्हवर घ्यावा, त्यावरून संगणक सुरू करावा आणि रात्रभर चालू ठेवावा. ३२ जीबीला एका फेरीसाठीच बराच वेळ लागतो. किमान चार फेऱ्या होऊ द्याव्यात. इथे ‘एखादी चूक चालते’ असा प्रकार नाही. एकही चूक आली तर ती व्यवस्था अस्थिर आहे.

हा कार्यक्रम चालताना ग्राफिक्स कार्ड मात्र थंड असते, खेळताना नसते. मेमरीच्या पेशी म्हणजे सूक्ष्म धारित्रे (कपॅसिटर). तापमान वाढले की त्यातला भार लवकर गळतो आणि चुका होऊ लागतात. कार्डाची गरम हवा सरळ रॅमवर येते. विदर्भात मे महिन्यात बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर असते, तेव्हा हिवाळ्यात उत्तीर्ण झालेले मशीनही डळमळू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी जड खेळ दोन तास चालवावा आणि एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO) या कार्यक्रमात स्टिकचे तापमान पाहावे. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये त्यासाठी संवेदक असतो. आकडा ५०-५५ अंशांच्या खाली राहिला तर निश्चिंत असावे. फार वर गेला तर केसच्या पुढच्या बाजूला हवा आत ओढणारा पंखा वाढवावा.

चाचणीत चूक आली तर एक्स्पो किंवा एक्सएमपी बंद करून मूळ वेगावर तीच चाचणी पुन्हा घ्यावी. मूळ वेगावर ती निर्दोष उतरली तर बहुधा दोष स्टिकमध्ये नसून त्या वेगाला प्रोसेसरची किंवा बोर्डाची तयारी नसते. प्रोफाइल ठेवूनच वेग एक पायरी, म्हणजे ६००० वरून ५८०० किंवा ५६०० वर, उतरवून पाहावा. मूळ वेगावरही चुका येत राहिल्या तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून स्वतंत्रपणे तपासावी. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक सदोष. स्टिक कोणतीही असो, चूक त्याच स्लॉटमध्ये येत असेल तर बोर्ड किंवा प्रोसेसरचा सॉकेट तपासून घ्यावा. सदोष ठरलेली एकच स्टिक असली तरी परत करताना पूर्ण किट, खोक्यासह आणि बिलाच्या प्रतीसह द्यावी आणि बदल्यातही जुळलेली जोडीच मागून घ्यावी. चाचणीच्या पडद्याचे छायाचित्र जवळ ठेवलेले असले की दुकानदाराशी वाद घालण्याची वेळ येत नाही.